कॉयरला नोटेशन बघून गायला शिकवायचंय, ऑनलाइन टूल्सचा खरंच उपयोग होतो का?

आल्टोताई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी एक कॉयर घेते, २६ मुलंमुली, वयं १३ ते १७, चार आवाज (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास). कार्यक्रम छान होतात, पालक खूश, मीही खूश होते मागच्या आठवड्यापर्यंत. तर झालं असं की गडबडीत मी आल्टोंना एका गाण्याचं दुसरं पान म्हणून भलत्याच गाण्याचं पान वाटलं. दोन्हीकडे शब्द एकच, आलेलुया. आणि या सात जणी त्या चुकीच्या कागदाकडे अगदी मन लावून बघत बरोबर गाणं शेवटपर्यंत गायल्या!! एकीलाही शंका आली नाही. मलाही नंतर पानं गोळा करताना कळलं.

म्हणजे कागद हातात असतो तो शोभेला. मी प्रत्येक आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवते, ते ऐकून घोटतात, झालं. साईट सिंगिंग म्हणजे न ऐकलेलं नोटेशन समोर आलं की गाता येणं, ते शून्य आहे. आता ठरवलंय की दर तालमीत दहा मिनिटं यालाच द्यायची आणि घरी ऑनलाइन सराव. आठवड्यातून एक तास आमचा व्हिडिओ कॉलवर असतो तोही आहे. कोणी काय वापरलंय? फुकट असेल तर उत्तम, पण मुख्य म्हणजे उपयोग झाला का ते सांगा.

टेनर_उशिरा

पानाचा किस्सा भारी आहे. आमच्यात एकदा टेनरला पानच दिलं नव्हतं, तेही कोणाला कळलं नव्हतं.

अर्धस्वर

ताई, मी थिअरी शिकवते त्यामुळे जरा लांबण लावते. टूल्सचे तीन ढीग करा, नाहीतर गोंधळ होतो.

एक म्हणजे ओळख करून देणारी, म्युझिकथिअरी डॉट नेट आणि टेओरिया वगैरे. रेषेवर कुठला स्वर आहे, हे अंतर किती, कान तयार करायचे ड्रिल. चांगली आहेत पण त्यात बोट चालतं, गळा नाही. मुलं पटापट क्लिक करून शंभरपैकी शंभर आणतात आणि गायला उभं केलं की गप्प.

दुसरा ढीग म्हणजे नवीन नवीन धडे तयार करून देणारी. साईट रीडिंग फॅक्टरी यातलं, वर्गणी भरावी लागते, पण पातळी, पट्टी, आवाजाची रेंज निवडली की न संपणारे धडे मिळतात, चार आवाजांचेसुद्धा. याचा मोठा फायदा म्हणजे धडा पाठ होत नाही कारण तो परत येतच नाही. पुस्तकातला सहावा धडा मुलांना तिसऱ्या दिवशी तोंडपाठ असतो.

तिसरं म्हणजे म्यूजस्कोर. फुकट आहे. स्वतःचे चार-चार बारचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खाना) धडे लिहा. त्यात नोटेच्या डोक्याचा प्रकार बदलता येतो, म्हणजे डोक्यावरच डो रे मी लिहून येतं, आणि प्रत्येक स्वराला वेगळा आकार असलेली शेप नोटही मिळते. त्रिकोण, चौकोन, गोल वगैरे. ही काही कॉम्प्युटरची कल्पना नाही हं, चार आकारांची पद्धत अमेरिकेत १८०१ साली छापून आली होती, सात आकारांची १८४६ ला, तीही अशाच कॉयरवाल्यांसाठी ज्यांना वाचता येत नव्हतं. पहिले दोन-तीन आठवडे ते वापरा, मग काढून टाका. काढायला विसरू नका. कुबड्या लागतात तशा सुटायलाही हव्यात.

खर्जातला

तीसेक वर्षं कॉयर घेतोय, मला हे सगळं ऐकून हसू येतं. एक फळा, एक काठी, पाच रेघा. काठीनं स्वर दाखवायचा, मुलांनी गायचं. माझी मुलं वाचतात. ॲप लागत नाही, शिक्षक लागतो.

टेनर_उशिरा

काका काठी फक्त स्वर दाखवायलाच ना? (ह. घ्या.)

खर्जातला

उशिरा येणाऱ्यांना ती वेगळ्या कामासाठीही होती.

पेटीवाली

मी सरगमवाली, नंतर कॉयरमध्ये शिरले, त्यामुळे एक मुद्दा. हलता डो म्हणजे आपला सा. पट्टी कुठलीही असो, सा तो सा. हे ज्यांना सरगम येते त्यांना पाच मिनिटांत कळतं. पण एक गंमत आहे जिथे मी महिनाभर अडकले. आपण कोमल ग गातानाही तोंडानं ग च म्हणतो, शुद्ध असला तरी ग. यांच्यात अक्षरच बदलतं. मी चा मे होतो, ला चा ले, टी चा टे. आणि वर चढवला की ईकार, फा ची फी, डो ची डी, सोल ची सी. सुरुवातीला वाटलं कशाला हा उपद्व्याप, पण वाचताना फार उपयोगी आहे, तोंडातून फी निघालं की गळा आपोआप वर जातो. ऑनलाइन टूल घेताना बघा की त्यात डो हलता आहे का स्थिर. फ्रान्स-इटलीकडे डो म्हणजे कायम सी (इंग्रजी C) हाच स्वर, पट्टी बदलली तरी. काही ॲप्स तसंच चालतात आणि मुलं पार गोंधळतात. आमच्याकडे निम्म्या मुलांच्या फोनवर एक सेटिंग आणि निम्म्यांच्या दुसरं होतं, त्या दिवशीची तालीम म्हणजे काय विचारू नका.

वाचनमात्र

फा चढला की फी होते हे सगळ्या पालकांना आधीपासून माहीत आहे. फी कायम चढीच असते.

सोप्रानो_क्र_३

आमच्या सरांच्या क्लासमधला अजरामर संवाद. सर: "अगं कुठे अडलीस?" मुलगी: "सर, मी सापडत नाहीये." सर: "मी सोड, आधी डो शोध." बाहेर बसलेल्या तिच्या आजीला वाटलं आत अध्यात्म चालू आहे.

आल्टोताई

हाहाहा. आमच्यात आजच झालं, "ताई माझा मी खाली गेला". असो. काका, काठी मान्य आहे, पण मला आठवड्याचे दोनच तास मिळतात, बाकी पाच दिवस घरी काय करतील? आणि अर्धस्वर, तीन ढिगांचं एकदम पटलं. जे फोनमध्ये गायचं आणि ॲप मार्क देतं तसलं कोणी वापरलंय का? मुलांना तेच हवंय, गुण दिसतात ना.

ध्वनिवेडा

मी साउंडचं काम करतो, गाणं येत नाही, पण ही ॲप्स आतून काय करतात ते सांगतो.

माइकमधला आवाज घेऊन त्याची वारंवारता मोजतात आणि जवळचा स्वर ठरवतात. मध्य सप्तकातला ए ४४० हर्ट्झ धरून सगळी पट्टी समान बारा भागांत. आता गडबड कुठे होते बघा. पहिली म्हणजे सप्तक. ज्या मुलांचा आवाज फुटतोय ते खालच्या सप्तकात गातात, ॲपमध्ये रेंज नीट लावली नसेल तर सगळं लाल. पोरगं बिचारं बरोबर गातंय. दुसरी म्हणजे ब्लूटूथचे हेडफोन. त्यात आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो, मूल ठेका ऐकून बरोबर गातं पण ॲपला ते उशिरा पोचतं, म्हणून "लय चुकली". तारेचे हेडफोन वापरा, जुने असले तरी चालतील.

तिसरी तुम्हा कॉयरवाल्यांसाठी. चांगला कॉयर सुरात मिळून गातो तेव्हा मेजर कॉर्डमधला (डो-मी-सोल एकत्र) मधला स्वर, तुमचा मी, पियानोपेक्षा खाली असतो. पियानोवर डो ते मी ४०० सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), आणि खरा मिळालेला मी साधारण ३८६ ला. हा १४ सेंटचा फरक कडक ॲपला चूक वाटतो. म्हणजे उत्तम गाणाऱ्याला "थोडं वर गा" असा सल्ला.

सोप्रानो_क्र_३

म्हणजे मी खाली गेला तरी मी बरोबर असू शकते. मला हे वाक्य फ्रेम करून हवंय.

खर्जातला

ध्वनिवेडा यांचा १४ सेंटचा मुद्दा लाख मोलाचा. हेच मी काठीनं सांगतो पण आकडा माहीत नव्हता.

टेनर_उशिरा

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकत्र गायचं काही जमतं का? आम्ही प्रयत्न केला होता, ते गाणं होतं का लाटांचा आवाज होता हे अजून ठरलेलं नाही.

ध्वनिवेडा

नाही जमत आणि तो तुमचा दोष नाही. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला २९-३० मिलिसेकंद. साधारण तेवढ्यापर्यंत माणसं एकत्र लय धरू शकतात, त्याच्या पुढे गेलं की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो आणि गाणं संथ संथ होत झोपतं. नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर हा उशीर शंभर-दीडशेच्या पुढे असतो. जॅमुलस, जॅकट्रिप, सोनोबस अशी खास सॉफ्टवेअर्स आहेत ज्यात उशीर बराच कमी करता येतो, पण तारेचं इंटरनेट, तारेचे हेडफोन, आणि सगळे फार लांब नकोत. २६ पोरांच्या घरी हे बसवायला तुम्हाला गाणं सोडून माझं काम करावं लागेल. २०१० मध्ये एरिक व्हिटाकरचा तो व्हर्च्युअल कॉयर गाजला ना, १८५ गायकांचा, तोही एकत्र गायलेला नव्हता. प्रत्येकानं घरी एकट्यानं रेकॉर्ड केलं आणि मग जोडलं.

हां, आणि झूमवर असाल तर ओरिजिनल साउंड चालू करा. नाहीतर लांबवलेला स्वर त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो पुसून टाकतो.

अर्धस्वर

याचा उलटा फायदा सांगू? कॉलवर सगळ्यांना म्यूट करून गायला लावायचं, मी फक्त ठेका आणि सुरुवातीचा डो देते. प्रत्येक जण घरात एकटा, शेजारणीचा आधार नाही. कॉयरमध्ये काय होतं, सात आल्टोंमध्ये एक वाचते आणि सहा जणी तिच्या किंचित मागे गातात, इतक्या किंचित की आपल्याला कळत पण नाही. म्यूटवर ते चालत नाही. मला ऐकू येत नाही हे खरं, पण चेहऱ्यावरून कळतं कोण कुठे हरवलं. ओठ थांबतात. आणि चुकलं तर कोणाला कळत नाही म्हणून लाजरी मुलंही गातात.

कॉयरची_आई

मी शिकवत नाही, माझा मुलगा बासमध्ये आहे. घरी ॲपवर सराव करतो तो मी ऐकते. तो आधी प्लेचं बटण दाबतो, धडा ऐकतो, परत ऐकतो, मग गातो, मग ९५ मार्क, मग जेवायला. याला साईट सिंगिंग म्हणायचं का हे तुम्ही ठरवा.

वाचनमात्र

काकू, सगळा धागा एका प्रतिसादात संपवलात.

पेटीवाली

+१. हेच ते. बटण आधी दाबलं की डोळ्याचं काम संपलं, परत कानच कामाला. म्हणजे आल्टोताई रेकॉर्डिंग पाठवतात त्याचंच महाग रूप.

खर्जातला

मी हेच पहिल्यापासून म्हणतोय.

टेनर_उशिरा

काका तुम्ही पहिल्यापासून काठी म्हणत होतात.

अर्धस्वर

थोडं अवांतर. अकराव्या शतकातला तो इटालियन साधू, ग्विदो, ज्याच्यापासून उत रे मी फा सोल ला सुरू झालं, त्याची तक्रार नेमकी हीच होती. गाणारे आयुष्यभर ऐकून ऐकून पाठ करतात आणि न ऐकलेली एक ओळ स्वतःच्या बळावर गाता येत नाही. त्यानं लिहून ठेवलंय की आधी ज्याला दहा वर्षं लागायची ते आपल्या पद्धतीनं वर्षा-दोन वर्षांत होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर बाईंनी सातव्या स्वराचं तेव्हाचं नाव सी होतं त्याचा टी केला, म्हणजे प्रत्येक स्वराचं पहिलं अक्षर वेगळं, आणि जॉन कर्वेननं हाताच्या खुणा आणल्या, ज्या नंतर हंगेरीच्या कोदाई पद्धतीतून जगभर गेल्या. हाताच्या खुणा कॉलवर फार छान चालतात, कॅमेऱ्यात सगळे दिसतात, उशिराचा प्रश्न नाही, मी खूण करते आणि ते म्यूटवर गातात. टूल म्हणाल तर माझा हात.

वाचनमात्र

दहा वर्षांचं काम एका वर्षात! म्हणजे ॲपची पहिली जाहिरात एक हजार वर्षांपूर्वीची आहे.

ठेकेदार

सगळे सुरावरच बोलताय. माझ्या अनुभवात मुलं पहिल्यांदा पडतात ती तालात. लय तुटली की डोळा मागे राहतो आणि मग सूरही जातो. आधी फक्त ताल वाचून घ्या, एकाच स्वरावर. तकदिमि पद्धत बघा, अमेरिकेतल्या तीन प्राध्यापकांनी १९९६ मध्ये मांडली, अक्षरं आपल्याकडच्या बोलांवरून घेतलेली. मात्रेचे दोन भाग झाले तर त दि, चार झाले तर त क दि मि, तीन झाले तर त कि द. अक्षर मात्रेतल्या जागेला चिकटलेलं असतं, म्हणजे मात्रेच्या मधोमध जे येईल ते दि च. मुलांना तीन तालमींत येतं. ऑनलाइन म्हणाल तर साधा मेट्रोनोम (टिक-टिक ठेका देणारा) पुरे.

पेटीवाली

आपलंच लेकरू परदेशात शिकून, नाव तेच ठेवून परत आलं म्हणायचं.

आल्टोताई

मंडळी, तीन आठवडे झाले, मध्ये कार्यक्रम होता म्हणून गायब होते. सगळं वाचलं, बरंच करून बघितलं. एक प्रयोग सांगते, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका मार्क देणाऱ्या ॲपवर (नाव घेत नाही) सगळ्यांना एकच आठ बारचा धडा दिला आणि स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून पाठवा म्हटलं. एका मुलीला ९३. दुसरीला ४१. ४१ वालीचं रेकॉर्डिंग मी ऐकायला घेतलं ते ओरडायच्या तयारीनंच. पहिले दोन बार स्वच्छ. तिसऱ्यात सोलवरून थेट टी वर उडी आहे. तिथे ती थांबली. श्वास घेतल्याचा आवाज आला, मग अगदी बारीक, जवळजवळ ओठांतल्या ओठांत, तिनं वरचा डो गुणगुणला, तिथून एक पायरी खाली उतरली, "टी", आणि मग मोठ्यानं तो टी गायली. बरोब्बर. पुढे सगळं बरोबर. पण ॲपचा ठेका तोवर दोन मात्रा पुढे गेलेला, म्हणून तिसऱ्या बारपासून शेवटपर्यंत सगळं लाल.

मी ते दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. अहो हेच तर शिकवायचंय ना मला! अडलं की डो ला जाऊन रस्ता विचारून परत यायचं.

मग दोघींना तालमीत तसाच पण नवा धडा दिला, दुसऱ्या पट्टीत, प्ले बटण नाही. ९३ वाली चौथ्या स्वराला अडली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ४१ वाली हळू, पण पोचली. ९३ वालीला मी काही बोलले नाही, ती हुशार आहे, तिनंच विचारलं "ताई ती मध्ये काय गुणगुणते?"

तर सध्या चाललंय ते असं. मार्क देणारं ॲप बंद केलं. धडे म्यूजस्कोरवर मीच लिहिते, पाच-सहा स्वरांच्या आतले, कारण आवाज फुटणारी चार मुलं आहेत, आणि घरी पाठवते ते नुसतं चित्र, आवाज नाहीच. सोबत फक्त डो ची एक नोट. आधी एकाच स्वरावर ताल (ठेकेदार, धन्यवाद), मग मनातल्या मनात गायचं, मग मोठ्यानं रेकॉर्ड करायचं, तेही एकदाच, आणि चुकीसकट पाठवायचं. आवाज असलेली फाईल मी दुसऱ्या दिवशी पाठवते, मग ज्यानं त्यानं स्वतःचं ताडून बघायचं. कॉलवर म्यूट आणि हाताच्या खुणा. शेप नोट दोनच आठवडे ठेवली, काढली तेव्हा बासवाल्यांनी निषेध नोंदवला.

खर्जातला

ताई, ती ४१ वाली मुलगी जपा. आणि चित्र पाठवून आवाज दुसऱ्या दिवशी, हे मला सुचलं नव्हतं. आमच्या नातीकडून म्यूजस्कोर टाकून घेतोय.

टेनर_उशिरा

काकांनी काठी ठेवली!!! धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणीतरी.

खर्जातला

ठेवली नाही. स्क्रीनवर दाखवायला लागतेच.

ध्वनिवेडा

फक्त लय तुटते त्याकडे लक्ष ठेवा. ठेकेदार म्हणाले ते बरोबर आहे, कॉयरमध्ये बाकीचे थांबत नाहीत.

आल्टोताई

हो, तो पुढचा टप्पा. ठेका मिनिटाला ६० मात्रांच्याही खाली ठेवलाय, ४८ वर, म्हणजे डो ला जाऊन यायला वेळ मिळतो. हळूहळू ते गुणगुणणं मनातच व्हायला लागेल अशी आशा. काहींचं व्हायला लागलंय, ओठ हलताना दिसतात.

कॉयरची_आई

माझ्या मुलाच्या क्लासलाही ही चित्राची आयडिया सांगितली. काल पहिल्यांदा पाऊण तास खोलीतून नुसते चुकीचे स्वर ऐकू आले. जेवायला उशिरा आला.

सोप्रानो_क्र_३

धडे कुठून आणता ताई? रोज लिहायचा कंटाळा नाही येत?

अर्धस्वर

त्यांच्याऐवजी मी सांगते, सीपीडीएल बघा, कॉयरच्या जुन्या, हक्क संपलेल्या रचनांचा मोठा साठा, १९९८ पासून आहे आणि फुकट. इमस्लप नावाच्या साईटवर पण आहेत. चार आवाजांच्या कोराल्समधून (चर्चमधली स्तोत्रं) एकच आवाज उचलायचा, आठ बार, झाला धडा. बासचा उचललात तर उड्याच उड्या मिळतील. आल्टोचा मात्र नको, तीन स्वरांत संपतो.

आल्टोताई

आल्टोबद्दल या धाग्यावर काही ऐकून घेतलं जाणार नाही. बरं, मायनरचं (कोमल ग, ध, नी असलेल्या पट्टीचं) काय करता? डो धरून मे-ले-टे म्हणायचं का ला पासून सुरू करायचं? माझ्याकडे पुढच्या महिन्यात दोन गाणी मायनरमधली आहेत.

पेटीवाली

डो धरून. सा तो सा.

अर्धस्वर

ला पासून. अजिबात अक्षरं बदलावी लागत नाहीत.

पेटीवाली

पण घर हलतं ना!

वाचनमात्र

ताई, वेगळा धागा काढा. हा आता दोनशेच्या वर जाणार.